नवं शहर, अकरावा मजला आणि रोज सकाळी दुखणारं पोट

प्रश्न: आम्ही वर्धा जिल्ह्यातले. मिस्टरांना चाकणच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून मे अखेरीस पुण्यात आलो. रावेतला अकराव्या मजल्यावर भाड्याचा टू बीएचके घेतलाय. मोठा मुलगा सहा वर्षांचा. गावी मराठी बालवाडीत होता, इथे इंग्रजी माध्यमात पहिलीत घातला. अडीच महिने झाले, रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो, शाळेत तोंड उघडत नाही, डबा तसाच परत आणतो. मुलगी अडीच वर्षांची. गावी शी-शू सांगायला लागली होती, इथे सगळं कपड्यात करते आणि मला मिनिटभर सोडत नाही. मिस्टरांच्या शिफ्ट बदलत असतात. दिवसभर या दोघांशिवाय मी कुणाशी बोलत नाही. सासूबाई म्हणतात, मोठ्याला वर्षभर आमच्याकडे पाठव. पाठवू का? मुलांना रुळायला किती दिवस लागतात?

उत्तर:

सासूबाईंचा मुद्दा आधी घेते, कारण त्याचं ठरल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. मोठ्याला पाठवू नका. त्यांची माया खरी आहे, तुमची दमछाकही खरी आहे. पण त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. अंगण गेलं, आजी-आजोबा गेले, बालवाडीच्या बाई गेल्या. उरले कोण, तर आई, बाबा आणि बहीण. परत पाठवलं की तीही सुटणार, आणि बहीण मात्र आई-बाबांजवळच राहणार. या वयाची मुलं त्याचा एकच अर्थ लावतात: मी त्रास दिला म्हणून मला धाडून दिलं. शिवाय पुढच्या जूनमध्ये हे सगळं पहिल्यापासून करायचंच आहे, आणि तोवर वर्गातल्या जोड्या जमून गेलेल्या असतील.

त्यापेक्षा सासूबाईंनाच इकडे बोलवा. चार दिवसांसाठी नको, चांगल्या महिनाभरासाठी. आल्या की त्यांना सगळं दाखवण्याचं काम मोठ्याला द्या. लिफ्टचं कोणतं बटण दाबायचं, शाळेची बस कुठे थांबते, दूध कोणत्या दुकानात मिळतं. ज्याला सगळं नवीन होतं तोच आता कुणाला तरी माहिती देतोय, याने मुलाची मान कशी वर होते ते तुम्हाला दिसेल.

किती दिवस लागतात? चिंचवड, रावेत, मोशी या पट्ट्यात माझी बालरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं गेली. जून ते सप्टेंबर दवाखान्यात अशी कुटुंबं येतच असतात. लातूरची, नांदेडची, बुलढाण्याची, तुमच्या वर्ध्याकडची. मला दिसतं ते असं: झोप आणि भूक महिना-दीड महिन्यात ताळ्यावर येते, शाळा तीन-चार महिन्यांत अंगवळणी पडते आणि ‘माझा मित्र’ म्हणावा असा मित्र मिळायला सहा महिनेही लागतात. त्यातही चार दिवस बरे गेले की पाचव्या दिवशी पुन्हा रडारड होते. दिवाळीला गावी जाऊन आलात की आठवडाभर मागे गेल्यासारखं वाटेल. ते धरून चाला, पण त्यासाठी गावी जाणं टाळू नका.

आता पोटदुखी. आधी ती खरी मानायची. ‘नाटकं करतो’ हे वाक्य घरातून हद्दपार करा, कारण मन अस्वस्थ असलं की मुलांचं पोट खरोखर दुखतं. साधारण चित्र असं असतं: बेंबीभोवती दुखतं, शाळेच्या दिवशी सकाळी दुखतं, रविवारी दुखत नाही, आणि बस निघून गेली की दहा मिनिटांत थांबतं. याउलट झोपेतून उठवणारं दुखणं, बेंबीपासून दूर एका बाजूला दुखणं, वारंवार उलट्या, ताप, शीतून रक्त, लघवीला जळजळ किंवा घटणारं वजन यांतलं एकही असेल तर डॉक्टरांना दाखवायचं आणि पोट तपासून घ्यायचं. ‘नवीन जागा आहे, होईल नीट’ म्हणून तिथे वाट बघायची नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला आणखी एक शंका येते, आणि ती तुमच्याच तीन तक्रारींतून येते: पोट दुखतं, बोलत नाही, डबा खात नाही. आज रात्री झोपवताना, दिवा बंद केल्यावर, त्याला सहज विचारा, ‘शाळेत शू लागली तर काय करतोस?’ बऱ्याचदा उत्तर येतं, ‘मी जातच नाही.’

कारण साधं असतं. इंग्रजी माध्यमात बाईंना इंग्रजीतून विचारावं लागतं आणि ते वाक्य त्याला येत नाही. चुकलं तर मुलं हसतील म्हणून तो विचारतच नाही. मग लागू नये म्हणून पाणी पीत नाही. त्याच्या हिशोबाने डबा खाल्ला की शी लागेल, म्हणून डबाही खात नाही. सकाळी बसच्या घाईत घरी शी होत नाही, शाळेत करायची नाही, दुपारी घरी येईपर्यंत ती मागे गेलेली असते. असं आठ-पंधरा दिवस चाललं की बद्धकोष्ठ होतं, आणि बद्धकोष्ठाने पोट दुखतं. म्हणजे सुरुवात मनातून झालेली असली तरी आता खरंच पोटात काहीतरी साठलेलं असतं. शी दोन-तीन दिवसांनी होते का, कडक होते का, चड्डीला डाग लागतात का, ते बघा. डाग हे जुलाबाचं लक्षण समजून आया मुलांना केळं-भात देत बसतात. आत कडक शी अडकलेली असते आणि तिच्या कडेने पातळ झिरपत असते. तसं असेल तर औषध लागतं, आणि ते काही आठवडे नेटाने द्यावं लागतं. दोन दिवसांत फरक पडला म्हणून बंद करायचं नाही.

बाकी उपाय घरचेच आहेत. त्याला ते एक इंग्रजी वाक्य पाठ करून द्या, बाकी इंग्रजी मागाहून येईल. वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की त्याने करंगळी दाखवली तरी जाऊ द्या. एवढं ऐकणार नाही अशी बाई मी फारशी पाहिलेली नाही. एकदा शाळेच्या वेळेबाहेर त्याच्यासोबत जाऊन ते स्वच्छतागृह बघा: कडी हाताला पोचते का, नळ कसा उघडतो, आत अंधार असतो का. सकाळी वीस मिनिटं लवकर उठवा आणि दुधानंतर पाच-दहा मिनिटं बसवा, झाली तरी ठीक, न झाली तरी ठीक. तुमच्या फ्लॅटमध्ये दोन्हीकडे कमोडच असणार. त्यावर मुलाचे पाय लोंबकळतात आणि लोंबत्या पायांनी जोर लावता येत नाही. पायाखाली पाट किंवा बुटकं स्टूल ठेवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. एवढ्याशा पाटाने महिनाभराची तक्रार गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

डब्याचंही तेच. गावी त्याला आजी घास भरवत असणार, अर्धा तास, गोष्ट सांगत. इथे छोट्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटांत एकट्याने खायचं, तेही आजूबाजूला गोंगाट चालू असताना. घरी चार-सहा दिवस तोच डबा, तोच चमचा देऊन स्वतःच्या हाताने खायची सवय करा. झाकण त्याला उघडतं का ते तर आजच बघा. नव्या हवाबंद डब्यांची झाकणं मोठ्यांनाही निघत नाहीत, आणि मूल डबा ‘खात नाही’ असं आपण वर्षभर म्हणत राहतो. पदार्थ त्याच्या ओळखीचा द्या. सगळी मुलं पास्ता आणतात म्हणून तुम्ही द्यायलाच हवा असं नाही.

न बोलण्याबद्दल. नव्या भाषेच्या वर्गात टाकलेलं मूल सुरुवातीचे काही महिने गप्प राहून ऐकतं. ते नैसर्गिक आहे. पण तुमच्या मुलावर दुहेरी ओझं आहे. इंग्रजी येत नाही, आणि मराठी बोलला तर त्याच्या ‘मले-तुले’ला मुलं हसतात. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण विदर्भातून आलेल्या मुलांच्या बाबतीत मला ते इतक्यांदा ऐकायला मिळालंय की विचारून बघा असं सांगते. घरी त्याची बोली दुरुस्त करायला जाऊ नका. ती आजी-आजोबांची भाषा आहे, ती चुकीची ठरली तर फोनवरची आजीही चुकीची ठरते. वर्गातली मराठी तो वर्गात आपोआप उचलेल.

इथे एक सोय वापरण्यासारखी आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केलाय, म्हणजे आठवड्यात काही तास तरी असे आहेत की जिथे तुमचा मुलगा वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा पुढे असेल. मराठीच्या बाईंना जाऊन भेटा. एखादी कविता म्हणायला लावा, फळ्यावर शब्द लिहायला लावा, एवढंच सांगा. एका तासाला ज्याची मान वर होते त्याचं तोंड बाकीच्या तासांनाही हळूहळू उघडतं. दुसरी गोष्ट, सोसायटीच्या मैदानात मुलं बहुतेक हिंदीतून खेळतात, आणि वर्ध्याकडच्या मुलाला हिंदी बऱ्यापैकी येते. सातारा-सांगलीकडून आलेल्या मुलांपेक्षा त्याचं हे भांडवल मोठं आहे. म्हणून पहिला मित्र शाळेत शोधण्यापेक्षा इमारतीच्या खाली शोधा.

माध्यम बदलायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. यंदा पोट आणि शाळा जरा स्थिरावू द्या. डिसेंबरपर्यंतही तो घरी रडतच अभ्यास करत असेल, तर सेमी-इंग्रजीचा मोकळ्या मनाने विचार करा. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत तशा शाळा आहेत. माझं मत विचाराल तर सहा वर्षांच्या मुलावर घर, गाव, शाळा आणि भाषा हे चारही बदल एकाच जूनमध्ये लादणं जड जातं. चारातला एक मागे घेता आला तर घ्यावा, त्यात हार कसली?

धाकटीची गोष्ट सोपी आहे. अडीच वर्षांचं मूल नुकतं शिकलेलं कौशल्य ताणाखाली आधी गमावतं. शी-शू सांगणं हे तिचं सगळ्यात नवं कौशल्य, म्हणून तेच पहिलं गेलं. रागवायचं नाही, मोठ्याशी तुलना करायची नाही, तिच्यादेखत फोनवर कुणाला सांगायचंही नाही. तिला नव्या बाथरूमची भीती बसली आहे का ते बघा. फ्लशचा आवाज, उंच कमोड, जेट स्प्रेचं गार पाणी, हे सगळं तिच्या डोळ्यांनी बघितलं तर भीतिदायकच आहे. प्लॅस्टिकचं बुटकं पॉटी सीट आणा, जमिनीवर ठेवा, ती बाहेर गेल्यावरच फ्लश करा. उठल्यावर, जेवणानंतर आणि खाली खेळायला जाण्याआधी बसवा. रात्री किंवा बाहेर जाताना डायपर घातला तर आभाळ कोसळत नाही. लघवी करताना रडत असेल, ताप असेल किंवा लघवीला उग्र वास येत असेल तर मात्र लघवी तपासून घ्या.

एक फरक लक्षात ठेवा. कपडे ओले करणं, चिकटून बसणं, रात्री उठणं हे जागा बदलल्याने होतं. पण आधी बोलत असलेले शब्द बंद होणं, नावाने हाक मारली तर न बघणं, नजर टाळणं हे घर बदलल्याच्या खात्यावर टाकायचं नाही. तसं काही दिसलं तर महिनाभर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या.

ती तुम्हाला सोडत नाही त्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. ‘दिवसभर या दोघांशिवाय कुणाशी बोलत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. गावी तिला उचलून घेणारे सात-आठ हात होते, इथे दोनच आहेत, आणि तेही थकलेले. मुलं रुळावीत असं वाटत असेल तर त्यांच्याजवळ दिवसभर असणारं मोठं माणूस आधी रुळायला हवं. माझ्याकडे आलेल्या घरांत जिथे आईला दोन ओळखीची माणसं मिळाली तिथे पोरं आपोआप सैलावली. खेळणी, क्लास, मोठा टीव्ही यांनी तेवढा फरक पडलेला दिसला नाही.

म्हणून रोज ठरलेल्या वेळी, समजा साडेपाचला, दोघांना घेऊन खाली जा आणि त्याच बाकावर बसा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी बोलवेल याची वाट बघू नका. तिथे तुमच्यासारख्याच आया असतीलच, पण मी सांगेन आज्या शोधा. या भागातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत नातवंडं सांभाळायला गावाहून आलेल्या आज्या असतात. त्याही अकराव्या-बाराव्या मजल्यावर दिवसभर गप्प बसून कंटाळलेल्या असतात, त्यांनाही बोलायला माणूस हवं असतं. पंधरा दिवस एका बाकावर बसलात की धाकटी कुणाच्या तरी मांडीवर जाते. ती गेली की तुम्हाला दहा मिनिटं मोकळी मिळतात. त्या दहा मिनिटांत पोह्यांचं वाण किंवा बसचं वेळापत्रक विचारा, काहीही विचारा, पण बोला. आणि रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मिस्टरांची रात्रपाळी असते तेव्हा घरात काय होत असेल ते मला दिसतंय. ते दिवसा झोपलेले, तुम्ही दोन्ही मुलांना ‘श्श, बाबा झोपलेत’ म्हणत दिवसभर दाबून ठेवताय आणि शेवटी गप्प बसवायला मोबाइल देताय. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्रपाळीच्या आठवड्यात तो तास सहज तीन होतो. त्यापेक्षा त्या आठवड्यात सकाळी नऊ ते साडेदहा धाकटीला घेऊन खाली जा. झोपायच्या खोलीला जाड पडदा लावा, दाराखालच्या फटीत चादर सारा, आणि मिस्टरांना कानात घालायचे बोळे घेऊन द्या. मुलांशी त्यांचं एकच काम ठरलेलं असू द्या. कोणतीही पाळी असली तरी ते मोडायचं नाही, मग ती अंघोळ असो की रात्रीची गोष्ट. मुलांना तेवढंही पुरतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला उद्याची वाटही बघू देणार नाही. तुमची मुलं जमिनीवरच्या घरातून अकराव्या मजल्यावर आली आहेत. उंचीची त्यांना सवय नाही, आणि अडीच वर्षांच्या मुलीला उंची कळतही नाही. गॅलरीतल्या कुंड्या, खुर्ची, वॉशिंग मशीन, कपड्यांची बादली, म्हणजे ज्यावर चढून कठड्याशी पोचता येईल असं सगळं आजच आत घ्या. खिडकीखालचा पलंग दुसऱ्या भिंतीला लावा. सरकत्या खिडक्यांना ग्रिल नसेल तर घरमालकाशी बोला. तो खर्च करत नसेल तर स्वतः जाळी बसवा. कबुतरांसाठी लावतात ती पातळ जाळी मुलाचं वजन पेलेल असं समजू नका, मुलांच्या सुरक्षेसाठीची जाड जाळी वेगळी मिळते. गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी लावा. मुख्य दाराचं लॅच हा दुसरा घोळ. आई कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आली, मुलीने दार लोटलं, आत गॅसवर दूध. एक चावी शेजारी देऊन ठेवा, नाहीतर ओळखीच्या आज्यांकडे. बाथरूमच्या आतल्या कड्या खालच्या असतील तर काढून टाका. पार्किंगमध्ये धाकटीचा हात सोडायचा नाही, मागे येणाऱ्या गाडीच्या आरशात एवढंसं मूल दिसत नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावा: पूर्ण पत्ता, इमारतीचं नाव, विंग, मजला, जवळची खूण, आणि १०८ व ११२ हे क्रमांक. घाबरल्यावर नवीन पत्ता कुणालाच आठवत नाही.

पाणी उकळूनच द्या, सोसायटीत टँकर येत असेल तर नक्कीच. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशयाची सुई दूषित पाण्याकडेच गेली होती. पाण्याची चव वेगळी लागते म्हणून मुलं कमी पितात, त्याकडेही लक्ष ठेवा. सर्दी-खोकला पहिल्या वर्षी येतच राहील. मुलगा नव्या शाळेत तीस-चाळीस मुलांत बसतोय, बहिणीला आणून देतोय. वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी या वयात चालते आणि दर वेळी अँटिबायोटिक लागत नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, जोरात चालणारा श्वास, पाणी-दूध बंद होणं किंवा सुस्ती आली तर दाखवा.

लसीकरणाचं कार्ड गावी राहिलं असेल तर मागवून घ्या. मोठ्याचा पाच वर्षांनंतरचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर गडबडीत राहून गेला असण्याची शक्यता फार. धाकटीचे दीड वर्षानंतरचे डोस झालेत का आणि सहा महिन्यांनी मिळणारं अ जीवनसत्त्व चालू आहे का, तेही बघा. रावेत पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं. पालिकेच्या दवाखान्यात हे डोस मोफत मिळतात आणि दुसऱ्या जिल्ह्याचं कार्ड चालतं.

सुट्टीच्या दिवशी मुलांना ‘पुणे दाखवायचं’ म्हणून दर वेळी नवीन ठिकाणी, त्यातही मॉलमध्ये, नेऊ नका. त्यांना आधीच सगळं नवीन आहे. एकच जागा धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. मला विचाराल तर पिंपरीहून मेट्रोने स्वारगेट आणि तिथून सारसबाग, पेशवे पार्क. मेट्रो हा मुलांसाठी अर्धा खेळच असतो, आणि चौथ्यांदा गेल्यावर मोठा स्वतःच पुढचं स्टेशन सांगायला लागतो. कात्रजचं प्राणिसंग्रहालय दूर पडेल, एखाद्या मोठ्या सुट्टीला ठेवा. फक्त ते बुधवारी बंद असतं.

आणि पोळा येतोय. इथे कंपनीला, शाळेला त्याचा पत्ताही नसेल, पण तुमच्या मुलाला तान्हा पोळा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा पोळा, आठवत असणार. त्याचा लाकडी बैल गावीच राहिला असेल तर आजोबांना सांगून ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल मागवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो बैल सजवून खाली घेऊन जाऊ द्या आणि आज्यांच्या बाकापाशी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागू द्या. आधी आज्यांना सांगून ठेवा, म्हणजे हातात दहा रुपये आणि काहीतरी खाऊ तयार असेल. बाकीची मुलं हे काय म्हणून गोळा होतील आणि ज्याच्या हातात बैल आहे त्याला दोन वाक्यं बोलावीच लागतील. मागे लगेच सोसायटीचा गणपती असतो. तिथे त्याला स्टेजवर नाचायला पाठवू नका. प्रसादाच्या द्रोणांचं ताट धरायला लावा. त्या निमित्ताने तो घरोघरच्या माणसांसमोर जातो आणि चार लोकांना त्याचं नाव कळतं.

आजीच्या व्हिडिओ कॉलबद्दल एवढंच: वेळ ठरवा, रात्री जेवताना बरी. ‘आमची आठवण येते का रे’ हे विचारायचं नाही असं सासूबाईंना प्रेमाने सांगा. गायीने काय केलं, चिंचा किती लागल्या, शेजारचा कुत्रा कुणाला चावला, हे सांगा म्हणावं. मूल रडलं तर रडू द्या आणि कॉल बंद पाडू नका. आपण घरी कधी जायचं, असं त्याने विचारलं तर ‘हेच आता आपलं घर’ असं ठणकावू नका. ‘दिवाळीला जाऊ’ हे खरं उत्तर द्या, आणि कॅलेंडरवर त्या तारखेला त्याच्या हाताने गोल करून घ्या.

शेवटचं, भाडेकराराचं. अकरा महिने एप्रिलच्या अखेरीस संपतील आणि मालक भाडं वाढवेल. फ्लॅट बदलावा लागलाच तर त्याच सोसायटीत, निदान शाळेच्या त्याच बस-रूटवर बघा, दोन हजार जास्त पडले तरी. आत्ता जुळत असलेली माणसं तेवढ्यासाठी सोडू नका. मार्च लागला की वॉचमनला आणि बाकावरच्या आज्यांना सांगून ठेवा. या भागात चांगले रिकामे फ्लॅट एजंटच्या आधी त्यांनाच कळतात, आणि दलालीही वाचते.